चलनाचा भाव आणि बाजाराची वाट

आदिलाबाद जिल्ह्यातील नार्नूर हे गाव एके काळी निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याचे नाणे निराळे. त्याला हाली शिक्का म्हणत. पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात मात्र इंग्रज सरकारचा कलदार रुपया चाले. सहा कलदारांना सात हाली, म्हणजे शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, असे त्यांचे सरकारी प्रमाण ठरले होते. एखाद्या शेतकऱ्याने पलीकडे १८० कलदारांस कापूस विकला, तर घरी परतल्यावर त्याला २१० हाली मिळावयास हवेत. सराफाने शंभरास ११५ चाच भाव धरला, तर हातात २०७ पडणार. तीन रुपये बट्ट्यात गेले! तेव्हा कापसाच्या भावाबरोबरच नाण्याचा भावही विचारणे शहाणपणाचे होते.

१९५० साली भारतीय रुपया हैदराबादेत रीतसर चालू झाला, पुढल्या वर्षी हाली चलन काढणे थांबले आणि १९५९ मध्ये ते कायमचे रद्द झाले. तथापि दोन चलनांचा प्रश्न संपला नाही. जगाच्या बाजारात कापसाचा सौदा डॉलरमध्ये होतो, आणि डॉलर-रुपयाचा भाव आज खेड्यातल्या तरुणाच्या मोबाइलवर आलेखरूपाने दिसतो. तो आलेख वाचून पैसा मिळेल, अशी आशा त्याच्या मनात उत्पन्न होते. म्हणून हे वाचन म्हणजे काय, ते नीट पाहिले पाहिजे.

पहिली गोष्ट म्हणजे, डॉलर-रुपयाची रेषा वर चढली की रुपया वधारला असे नव्हे, तो घसरला. एका डॉलरला अधिक रुपये मोजावे लागतात, एवढाच त्या चढाचा अर्थ. दुसरी गोष्ट, आलेखातील प्रत्येक कँडल चार भाव सांगते: उघडतानाचा, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा आणि मिटतानाचा. जाड भाग उघडण्या-मिटण्यातील अंतर दाखवितो. वरखालच्या बारीक रेषा भाव कोठवर जाऊन परतला ते दाखवितात. ज्या पातळीवरून भाव वारंवार वर उसळतो तो आधार, आणि जेथून तो वारंवार मागे फिरतो तो अडथळा. मात्र हे सारे घडून गेलेल्याचे टिपण आहे. पावसाच्या नोंदवहीवरून हंगामाचा अंदाज बांधता येतो. उद्याच्या पावसाची हमी मिळत नाही.

म्हणून जाणता व्यापारी आत शिरण्यापूर्वी बाहेर पडण्याची जागा ठरवितो. समजा, ८४ रुपयांना आधार दिसला आणि ८४.१० ला खरेदी केली. भाव ८३.९० वर आला तर आपला अंदाज चुकला, असे आधीच लिहून ठेवून तेथे बाहेर पडावयाचे. एक करार १००० डॉलरचा असतो; म्हणून वीस पैशांच्या या चुकीची किंमत २०० रुपये. ‘थोडे थांबू, भाव परतेल’ असे म्हणत जो बसून राहतो, त्याचा तोटा रुपयाला हजार या हिशेबाने वाढत जातो. प्रवेश चुकल्याने जेवढे लोक बुडत नाहीत, तेवढे निर्गम लांबविल्याने बुडतात.

आता मूळ प्रश्न असा की, या बाजारात शिरावे कोणी? ज्या निर्यातदाराला तीन महिन्यांनी १०,००० डॉलर यावयाचे आहेत, तो आज ८४ च्या भावाने दहा करार विकून ठेवतो. पुढे डॉलर ८३ वर आला, तर आलेल्या डॉलरमागे त्याचे १०,००० रुपये कमी होतात आणि करारात सुमारे तेवढेच मिळतात. त्याने नफा शोधला नाही. आपली झोप सांभाळली. चलनाच्या वायद्यांचे मुख्य प्रयोजन हेच होय. आपल्या देशात ते २००८ साली राष्ट्रीय शेअर बाजारात सुरू झाले. मे २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे रुपयाचे असे करार ज्याच्या व्यवहारात परकीय चलनाची खरी जोखीम आहे त्यानेच करावयाचे आहेत. थोड्या पैशांत मोठा सौदा देऊ करणाऱ्या कित्येक परकी संकेतस्थळांना तर येथे परवानगीच नाही. त्यांची इशारा-यादी रिझर्व्ह बँक २०२२ पासून प्रसिद्ध करीत आहे. तेथे सौदा करणारा रहिवासीही १९९९ च्या परकीय चलन कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो.

याचा अर्थ आलेख वाचूच नये असा नव्हे. कापसाचा भाव का हलला, खत आणि इंधन का महागले, हे समजावयास डॉलरचा भाव समजणे उपयोगाचेच आहे. ते ज्ञान अवश्य मिळवावे. मात्र बियाण्यासाठी राखलेला पैसा त्या रेषेवर लावू नये. सराफाच्या दारात उभा राहून बट्टा विचारणाऱ्या त्या जुन्या शेतकऱ्याने आपला कापूस विकलेला असे; भाव जाणून घेण्याचे त्याला कारण होते. ज्याच्या गाडीत कापूसच नाही, त्याने प्रथम आपण बाजारात कशासाठी आलो, एवढे स्वतःला विचारावे.