बर्फाच्या मैदानांतून पार्लमेंटांत

हॉकी म्हटली कीं आपल्याकडील श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें हिरवें मैदान आणि ध्यानचंद उभे राहतात. कॅनडांतील हॉकी निराळी. तेथें मैदान बर्फाचें, पायांत पोलादी पात्यांचे जोडे, आणि चेंडूच्या जागीं रबराची कठीण चकती. ही चकती तासाला दीडशें किलोमीटरांच्याही वर वेग घेऊं शकते. तिला अंगावर घेण्याचें काम गोलरक्षकाचें. केन ड्रायडन हे असे धंदेवाईक गोलरक्षक होते. पुढें ते देशाचे मंत्री झाले.

त्यांचा जन्म १९४७ सालीं हॅमिल्टन शहरीं झाला. त्यांचे वडील मरे ड्रायडन यांनीं १९७० सालीं गरीब मुलांना निजावयास अंथरूण-पांघरूण पुरविणारी संस्था काढली, आणि तिचें पहिलें वाटप झालें तें आपल्या पुण्यांत. चिरंजीवांनीं अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठांत इतिहासाची पदवी घेतली व नंतर माँट्रियल येथें कायद्याचा अभ्यास आरंभिला. १९७१ च्या मार्चमध्यें माँट्रियलच्या ‘कॅनेडियन्स’ संघानें त्यांना मैदानांत उतरविलें, तेव्हां हा अभ्यास चालूच होता.

नियमित हंगामाचे अवघे सहा सामने ते खेळले, आणि सहाही जिंकले. पुढें गांठ पडली ती बोस्टनशीं. त्या वर्षीं बोस्टनच्या संघाचा दबदबा असा होता कीं, माँट्रियलच्या जयाची भाषा थट्टेवारी नेली जात असे. दुसऱ्या सामन्यांत बोस्टन पांच विरुद्ध एक असें पुढें असतां माँट्रियलनें तो सामना सात विरुद्ध पांच असा जिंकला. सात सामन्यांअखेर बोस्टन स्पर्धेबाहेर गेलें, आणि शेवटीं स्टॅन्ले चषकही माँट्रियलनें मिळविला. स्पर्धेंतील सर्वोत्तम खेळाडूचें पारितोषिक ड्रायडन यांस मिळालें. गंमत अशी कीं, उत्तम नवोदित खेळाडूचें पारितोषिक त्यांना त्याच्या पुढच्या वर्षीं मिळालें!

१९७३ सालीं वेतनावरून संघाशीं मतभेद होतांच त्यांनीं एक संपूर्ण हंगाम सोडून दिला व टोरांटोस जाऊन वकिलीची उमेदवारी केली. परत आल्यावर १९७६ ते १९७९ असे सलग चार चषक संघानें जिंकले. नियमित हंगामांच्या ३९७ सामन्यांपैकीं हार केवळ ५७ वेळां. खेळ थांबला कीं काठी उभी धरून, तिच्या टोंकावर हात व हनुवटी टेंकून ते स्तब्ध उभे राहत. प्रेक्षकांच्या स्मरणांत राहिलें तें हें चित्र. एकतिसाव्या वर्षीं, कीर्ति शिखरावर असतांना, त्यांनीं खेळ सोडला. १९८३ सालीं निघालेलें त्यांचें ‘द गेम’ हें पुस्तक खेळाविषयींच्या उत्तम ग्रंथांत गणलें जातें.

२००४ सालीं ते लिबरल पक्षातर्फे निवडून आले, व लगेच समाजविकास खात्याचे मंत्री झाले. काम होतें लहान मुलांच्या संगोपनगृहांचें. नोकरी करणाऱ्या आईनें मूल कोठें ठेवावें, हा प्रश्न तेथील घरोघरीं होता. पण कॅनडांत हा विषय प्रांतांचा. मध्यवर्ती सरकारनें पैसा द्यावा आणि एकेका प्रांताशीं स्वतंत्र करार करावा, एवढाच मार्ग. पांच वर्षांत पांच अब्ज डॉलर देण्याचें ठरलें. २००५ सालभर ड्रायडन प्रांतोप्रांतीं वाटाघाटी करीत होते. दहाही प्रांतांची संमति मिळाली. मात्र बहुतेक करार तत्त्वतः मान्यतेच्या पायरीवरच होते, आणि नोव्हेंबरांत अविश्वासाचा ठराव होऊन सरकार पडलें.

नव्या सरकारचें म्हणणें असें कीं, पैसा संस्थांना न देतां आईबापांच्याच हातीं द्यावा. या म्हणण्यांत तथ्य नव्हतें असें नाहीं. परंतु सहा वर्षांखालील मुलामागें महिना शंभर डॉलर दिल्यानें गांवांत संगोपनगृह उभें राहत नाहीं. करारांस एक वर्षाची नोटीस मिळाली. गोलरक्षकानें अडविलेला गोल अडविलाच राहतो. मंत्र्याच्या केल्या कामाला तशी शाश्वति नाहीं, हें ड्रायडन यांस विरोधी बांकावर बसून पाहावें लागलें. २००६ मध्यें पक्षाच्या नेतृत्वासाठीं ते उभे राहिले. यश आलें नाहीं. २००७ च्या जानेवारींत माँट्रियलच्या संघानें त्यांचा २९ हा अंक कायमचा राखून ठेवला, तेव्हांही ते सभासद होतेच. २०११ च्या निवडणुकींत ती जागाही गेली.

२०२१ सालीं मध्यवर्ती सरकारनें हा विषय पुन्हां हातीं घेतला. या वेळीं रक्कम होती पांच वर्षांत तीस अब्ज डॉलरांपर्यंत, आणि ध्येय होतें रोज सरासरी दहा डॉलर शुल्काचें. पद्धत मात्र तीच, एकेका प्रांताशीं एकेक करार. शेवटची सही ऑन्टारिओ प्रांताची, २०२२ च्या मार्चमध्यें झाली. ड्रायडन तेव्हां चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. ५ सप्टेंबर २०२५ रोजीं ते वारले.