आकड्यांतून धोरणाकडे : मुलींच्या घटत्या प्रमाणाचा धडा

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व विस्तार अधिकारी यांच्या प्रशिक्षण शिबिरात एका माहिती अधिकाऱ्याने दिलेले भाषण)



स्त्री-पुरुष समानतेवर बोलावयाचे म्हटले म्हणजे सुभाषिते आणि थोर स्त्रियांची नावे यांचा आधार घेण्याची आपली रीत आहे. आज ती रीत बाजूला ठेवून मी आपल्यापुढे काही आकडे मांडणार आहे. आकडे रुक्ष असतात हे खरे. पण ज्या मुली जन्मालाच आल्या नाहीत, त्यांची बाजू मांडावयास दुसरे कोण आहे?

भारत सरकारने १९७१ साली स्त्रियांच्या दर्जाचा अभ्यास करण्यासाठी एक समिती नेमली. डॉ. फुलरेणू गुहा तिच्या अध्यक्षा होत्या. समितीचा अहवाल १९७४ अखेरीस तयार झाला. देशात दर हजार पुरुषांमागे १९०१ साली ९७२ स्त्रिया होत्या, त्या १९७१ साली ९३० वर आल्या होत्या. स्वातंत्र्य आले, राज्यघटनेने समान हक्क दिले, तरी स्त्रियांची संख्या मात्र तुलनेने घटत राहिली, ही गोष्ट या अहवालाने सर्वांच्या निदर्शनास आणली. हे आकडे जनगणनेच्या ग्रंथांत आधीपासूनच होते. प्रश्न विचारणारे कोणी नव्हते, इतकेच.

पन्नास डॉक्टर आणि एक कायदा

पुढचा प्रसंग आपल्या राज्यातला आहे. गर्भातील व्यंग ओळखण्यासाठी आलेली गर्भजलपरीक्षा मुलगी ओळखून ती नको म्हणण्यासाठी वापरली जाऊ लागली. महिला व आरोग्य संघटनांनी मुंबईत याविरुद्ध आवाज उठविला. ‘असे प्रकार थोडेफार असतील’ असे त्यावर सांगितले जाई. १९८६ साली डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतील ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी ४२ जण लिंगनिदानासाठी ही परीक्षा करीत असल्याचे आढळले. म्हणजे शेकडा ८४! ‘थोडेफार’ हा शब्द त्या दिवशी संपला. १९८८ साली महाराष्ट्राने या परीक्षांचे नियमन करणारा कायदा केला. असा कायदा करणारे हे देशातील पहिले राज्य होय. १९९४ साली केंद्राचा कायदा झाला व तो १९९६ पासून अमलात आला.

कायदा झाला, आपले काम संपले, असे येथे वाटण्याचा संभव आहे. पुढच्या मोजणीने तो भ्रम दूर केला. महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या; २००१ साली ९१३ उरल्या. कायदा पुस्तकात होता आणि गावोगावी सोनोग्राफी यंत्रे पोचत होती. मुंबईची ‘सेहत’ व पुण्याची ‘मासूम’ या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी २००० साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने २००१ साली कायद्याच्या काटेकोर अंमलबजावणीचे आदेश दिले. २००३ च्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीच्या लिंगनिवडीवरही बंदी आली.

समज आणि वस्तुस्थिती

आता एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी या विषयावरील भित्तिपत्रक तयार करण्याचे काम माझ्याकडे होते. मी त्यावर पडक्या झोपडीसमोर उभी असलेली, डोईवर पदर घेतलेली, निरक्षर दिसणारी स्त्री काढवून घेतली. ते पाहून एका मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, “साहेब, हे चित्र आमच्या गावचे नव्हे. आमच्याकडे तपासणीला जातात ते स्वतःच्या मोटारीने जातात.” मी वरमलो. परत येऊन जिल्हावार तक्ते काढले, आणि बाईंचे म्हणणे खरे ठरले.

२००१ साली हे प्रमाण कोल्हापुरात ८३९ आणि सांगलीत ८५१ होते. ऊस, दूध, सहकार आणि महाविद्यालये यांनी संपन्न असा हा मुलूख! त्याच वेळी गडचिरोली व नंदुरबार या आदिवासीबहुल जिल्ह्यांत ते पुष्कळच चांगले होते. दारिद्र्य आणि अज्ञान हेच मूळ, हा माझा समज होता. तो मी कधी तपासलाच नव्हता. उलट संपन्नता हेच कारण, असेही म्हणता येत नाही. दुष्काळी बीड जिल्ह्यात हे प्रमाण २००१ साली ८९४ होते, ते २०११ साली ८०७ वर आले. त्याच दहा वर्षांत कोल्हापूर मात्र ८६३ पर्यंत सावरले. म्हणजे रोग एका वर्गाचा नाही, एका प्रदेशाचा नाही, आणि प्रयत्न केल्यास तो हटतच नाही असेही नाही. २०१५ साली केंद्राने ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ योजनेचा आरंभ केला तेव्हा कमी प्रमाणाचे शंभर जिल्हे प्रथम निवडले, ते याच आकड्यांवरून. बीड त्यांत होते.

आणखी एक अभ्यास ध्यानी घ्यावा. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०११ साली डॉ. प्रभात झा व त्यांचे सहकारी यांनी तो प्रसिद्ध केला. ज्या घरात पहिली मुलगी आहे, तेथे दुसऱ्या अपत्यात दर हजार मुलांमागे १९९० साली ९०६ मुली होत्या. २००५ साली त्या ८३६ उरल्या. शिकलेल्या माता व सधन कुटुंबे यांत ही घट अधिक होती. पहिला मुलगा असलेल्या घरांत मात्र अशी लक्षणीय घट दिसली नाही. यावरून धोरणास दिशा मिळते. सरसकट उपदेशापेक्षा पहिल्या मुलीच्या घराकडे आपुलकीने लक्ष देणे, आणि त्या सुनेवरचा ‘आता मुलगा हवा’ हा दाब कमी करणे, हे अधिक फलदायी होय.

गावपातळीवर काय करावे?

२०२१ साली व्हावयाची जनगणना लांबणीवर पडली. त्यामुळे गावच्या नोंदींचे मोल फार वाढले आहे. मात्र त्या वाचताना तीन पथ्ये पाळावीत.

पहिले, केवळ ग्रामपंचायतीच्या जन्म-नोंदवहीवर विसंबू नये. आज बहुतेक बाळंतपणे रुग्णालयात होतात आणि जन्माची नोंद जन्म झाला त्या ठिकाणी होते. शिवाय पहिलटकरीण माहेरी जाते. अंगणवाडी सेविका व आशा यांच्या नोंदी ताडून पाहिल्याशिवाय गावाचे चित्र पुरे होत नाही.

दुसरे, लहान आकड्यांवरून मोठे निष्कर्ष काढू नयेत. गावात वर्षाला वीस जन्म होत असतील आणि त्यांत बारा मुलगे व आठ मुली असतील, तर तो निव्वळ योगायोगही असू शकतो. निसर्गतः दर हजार मुलांमागे सुमारे ९५० मुली जन्मतात. तेव्हा पाच वर्षांची बेरीज करावी, तालुक्यातील गावे एकत्र घ्यावीत, आणि मगच बोलावे. एका वर्षावरून गावाला दोष देणे आणि एका वर्षावरून सत्कार करणे, दोन्ही सारखेच चुकीचे.

तिसरे पथ्य सर्वांत महत्त्वाचे. आकडे यंत्रणेवर नजर ठेवण्यासाठी आहेत, गर्भवतीवर पहारा बसविण्यासाठी नव्हेत. गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहे; पण १९७१ च्या कायद्यानुसार सुरक्षित गर्भपात ही स्त्रीला मिळालेली वैध वैद्यकीय सेवा आहे. या दोहोंची गल्लत केली तर गरजू बाई भोंदूच्या दारात जाईल, आणि मुली वाचविण्याच्या नावाखाली आपण एखाद्या आईला गमावू.

मित्रहो, शाळेच्या हजेरीपटावर इयत्ता पहिलीत मुले किती आणि मुली किती, हे उद्या शिक्षकांनी वेगवेगळे मोजावे. ग्रामसभेत तो आकडा वाचून दाखवावा, आणि पुढील वर्षी पुन्हा वाचावा. पहिल्या वाचनाने चर्चा होईल. दुसऱ्याने उत्तर द्यावे लागेल. त्या मुख्याध्यापिका बाईंनी माझे चित्र दुरुस्त केले, तसे आपल्यापैकी प्रत्येकाने शासनाचे चित्र दुरुस्त करावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.