गाडी, मालक आणि एक वही

(१९९६ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'संगणक क्षेत्रातले बदल'. मी म्हटलं, गेली वीस-बावीस वर्षं पोटासाठी तेच करतेय, आज रविवार आहे, तेवढं सोडा. मी रविवारी जे करते त्यावर बोलते. रत्नागिरी आणि आसपासच्या गावांत ज्यांच्याकडे जुन्या जावा किंवा येझदी मोटरसायकली आहेत, अशा लोकांचा आमचा एक लहानसा क्लब आहे. मी त्याची सचिव आहे. सचिव म्हणजे हिशेब, फोन, सतरंजी आणि चहा.

ही गाडी तुम्हाला आवाजावरून आठवेल. इंजिनाला सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन, आणि मागे निळसर धूर. किक डाव्या बाजूला. किक मारायची जी दांडी, तीच पुढे वळवली की गिअरचा पाय होते. पहिल्यांदा बघणारा माणूस अजूनही विचारतो, याचा गिअर कुठे गेला?

जावा मूळची चेक. १९२९ साली प्राग शहरात यानेचेक नावाच्या उद्योजकाने वाँडरर या जर्मन कंपनीच्या मोटरसायकलीचं काम घेतलं आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून 'जावा' हे नाव केलं. आपल्याकडे रुस्तम आणि फारुख इराणी यांनी म्हैसूरला 'आयडियल जावा' हा कारखाना काढला आणि १९६१ पासून तिथे गाड्या बनू लागल्या. पुढे सत्तरच्या दशकात त्याच गाडीचं नाव येझदी झालं. रोडकिंग, क्लासिक, मोनार्क ही नावं आपल्या वडिलांच्या पिढीला तोंडपाठ. आणि १९९६ साली, म्हणजे आपण या शाळेतून बाहेर पडलो त्याच वर्षी, तो कारखाना बंद पडला.

हा योगायोग मी मुद्दाम सांगितला. कारखाना बंद पडला म्हणजे काय होतं? शोरूम जाते, कंपनीचा मेकॅनिक जातो, पार्टची यादी जाते. गाड्या मात्र राहतात. कोणाच्या पडवीत, कोणाच्या बागेतल्या मांगरात, कोणाच्या दुकानामागे. प्रत्येक मालक आपापल्या जागी एकटा पडतो. जगात मालकांचे मोठमोठे क्लब आहेत. हार्ले-डेव्हिडसनने १९८३ साली आपल्या ग्राहकांची संघटना स्वतःच काढली, आणि आज ती जगभर पसरली आहे. तिथे मागे कंपनी उभी असते. आमच्यामागे कोणीच नव्हतं. म्हणून कंपनीची कामं क्लबला करावी लागली, आणि ती करता करता क्लब कशासाठी असतो हे आम्हाला कळत गेलं.

आमच्या क्लबची सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे एक दोनशे पानी वही. प्रत्येक सभासदाला दोन पानं. नाव, गाव, गाडीचं मॉडेल आणि साल, इंजिन नंबर, चासी नंबर. मग 'जास्तीचं काय आहे' आणि 'काय हवं आहे'. मग 'काय येतं': कोणाला वेल्डिंग येतं, कोणाला वायरिंग, कोणाला टाकीचा रंग. मग रक्तगट आणि घरच्यांचा फोन. शेवटचा रकाना आहे 'सध्या गाडी कोण चालवतं?' हा रकाना साधा दिसतो, पण त्यातच सगळं कळतं. त्यावर मी नंतर येते.

मला हमखास विचारतात, तू सॉफ्टवेअरमधली ना, मग ॲप का नाही करत? वहीची प्रत संगणकावर आहेच. पण माझ्या धंद्यातला प्रत्येक माणूस सांगेल की यादी बनवणं सोपं असतं, ती खरी ठेवणं कठीण. 'जास्तीचं काय आहे' यात लिहिलेली क्लच प्लेट सहा महिन्यांपूर्वीच कोणीतरी नेलेली असते. ती माहिती आपोआप बदलत नाही. कोणीतरी फोन करून विचारावं लागतं. म्हणून मी दर रविवारी सकाळी तीन-चार जणांना फोन करते. तीन महिन्यांत सगळ्यांची एक फेरी होते. गाडीबद्दल बोलणं दोन मिनिटांचं, बाकी आंबा, पाऊस, गुडघे आणि मुलाची नोकरी. ती बाकीची दहा मिनिटंही क्लबचंच काम आहे, हे मी आता ठामपणे सांगते.

पार्टच्या बाबतीत आमचा नियम एका ओळीचा आहे. पार्ट उसना मिळेल किंवा खरेदीच्या भावाने मिळेल, नफा कोणी घ्यायचा नाही. मागे एकदा पावसकडच्या एका आंबा बागायतदाराची गाडी ऐन सिझनमध्ये बंद पडली. पहाटे बागेत पोचायचं, पेट्यांचा हिशेब बघायचा, सगळं त्याच गाडीवर. त्याला जिकोव्ह कार्बोरेटरचा एक सुटा भाग हवा होता. वही उघडली, तर तो लांज्याला एका निवृत्त मास्तरांच्या कपाटात, कागदात गुंडाळून ठेवलेला. संध्याकाळच्या एसटीने पार्ट आला. मास्तरांनी पैसे घेतले नाहीत, पुढच्या आठवड्यात आंब्याची पेटी मात्र घेतली. वहीत मी दोन्ही गोष्टी लिहून ठेवल्या.

आपल्याकडे या गाड्यांचा खरा शत्रू म्हणजे हवा. खारं वारं आणि चार महिन्यांचा पाऊस. टाकी आतून गंजते, वायरचे जोड हिरवे पडतात, प्लॅटिनम पॉइंटवर ओल धरते. त्यात आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. अर्धी टाकी पेट्रोल ठेवून गाडी जूनपासून उभी केली, तर दिवाळीला टाकीतून तांबडं पाणी निघतं. म्हणून मृगाच्या आधी आम्ही सगळ्यांना निरोप देतो. गाडी चालवणार नसाल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा. चालवणार असाल तर आठवड्यातून एकदा तरी इंजिन नीट तापेल इतकी चालवा. देशभरातले जावा-येझदीवाले जुलैच्या दुसऱ्या रविवारी 'जावा दिवस' साजरा करतात. बंगळूर-म्हैसूरला तेव्हा रिमझिम असेल, आपल्याकडे मात्र छत्री उलटते! त्या दिवशी आम्ही मिरवणूक काढत नाही. एखाद्या सभासदाच्या शेडमध्ये जमतो, एक इंजिन उघडतो आणि नव्या लोकांना शिकवतो. आमचे मेकॅनिककाका त्या दिवशी दरवर्षी एकच वाक्य बोलतात, "गाडी नाय मरत ओ ताई, मालक कंटालतो."

२२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, तेव्हा हे शिकवलेलं कामाला आलं. पाणी ओसरल्यावर लोक घाईने गाड्यांना किका मारत होते. सिलिंडरमध्ये पाणी असताना किक मारली की इंजिन आतून मोडतं. आमचे चारजण हत्यारं घेऊन गेले आणि रस्त्याच्या कडेला बसून प्लग काढ, पाणी काढ, ऑइल बदल, असं करत राहिले. त्यात जावा एखाददुसरीच असेल. बाकी सगळ्या स्कूटरी आणि लोकांच्या रोजच्या गाड्या. कोणी विचारलं नाही की ही आपल्या सभासदाची आहे का.

आता रस्त्याबद्दल. आमच्या फेरीत सगळ्यात हळू गाडी पुढून दुसरी असते. वेग ती ठरवते. आंबा घाट चढताना जुनं इंजिन तापतं, तेव्हा सगळे थांबतात. शेवटच्या गाडीवर हत्यारं, क्लच वायर, प्लग आणि प्रथमोपचाराची पेटी. अंधार पडल्यावर घाट नाही. आणि हातखंब्यापासून कुठेही हायवेवर अपघात दिसला की थांबायचं, १०८ ला फोन लावायचा. पूर्वी लोक पोलीस-कोर्टाच्या भीतीने पुढे निघून जात. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्या मदतीवरून खटला भरता येत नाही, आणि त्याच्यावर नाव सांगण्याची सक्तीही नाही. हे प्रत्येक फेरीच्या आधी मी वाचून दाखवते. माझ्या मते सभासदांची ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठी सेवा आहे.

एक कंटाळवाणं पण महत्त्वाचं काम म्हणजे कागदपत्रं. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, मग दर पाच वर्षांनी. पर्यावरण कर, विमा, पीयूसी. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला मोबाइलवर ओटीपी टाकून हे सगळं करणं जड जातं. महिन्यातला एक शनिवार मी लॅपटॉप घेऊन त्यासाठीच बसते.

त्यातही एक फॉर्म असा, की तो भरताना सगळ्यांचा आवाज खाली येतो. फॉर्म ३१. गाडीचा मालक वारला तर वारसांनी तीस दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवायचं आणि तीन महिन्यांत हा फॉर्म देऊन गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यायची. मी या क्लबमध्ये आले ती याच फॉर्ममुळे. बाबा गेले तेव्हा त्यांच्या येझदीचं काय करायचं हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. क्लबचे दोन ज्येष्ठ सभासद तेराव्यानंतर आले, कागद घेऊन बसले आणि जाताना गाडीची बॅटरी काढून ठेवून गेले. सुतकात भंगारवाला दोनदा येऊन गेला होता. बहुतेक गाड्या अशाच जातात. कोणाला त्या नको असतात असं नाही. दुःखाच्या दिवसांत जो पहिला दारात येतो, तो घेऊन जातो. तो पहिला माणूस क्लबचा असावा, एवढंच आम्ही बघतो.

आता त्या शेवटच्या रकान्याकडे येते. 'सध्या गाडी कोण चालवतं?' पूर्वी तिथे 'स्वतः' असं लिहिलेलं असायचं. हळूहळू 'मुलगा' आलं, मग 'कोणी नाही' आलं. तीन वर्षांपूर्वी सभेत प्रश्न निघाला, जो गाडी चालवत नाही तो सभासद कसा? वाद बराच झाला. त्याच सभेत दुसराही वाद होता. २०१८ साली जावा हे नाव पुन्हा बाजारात आलं आणि नव्या गाड्या घेतलेली पोरं क्लबमध्ये येऊ बघत होती. नवी गाडी फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारी. जुन्या लोकांना ती जावाच वाटत नव्हती.

मी वही उघडून दोन पानं वाचून दाखवली. एक नव्या गाडीच्या पोराचं: 'काय येतं' मध्ये लिहिलं होतं, 'काही नाही, शिकायचं आहे'. दुसरं एका काकूंचं. यजमान गेल्यावर त्यांनी येझदी विकली नाही, फॉर्म ३१ भरून स्वतःच्या नावावर केली. त्यांना ती चालवता येत नाही आणि शिकायचीही नाही. पण महिन्यातून एकदा ती सुरू झालेली त्यांना ऐकायची असते. 'काय हवं आहे' या रकान्यात त्यांनी लिहून दिलं होतं, 'किक मारायला माणूस'. त्यावर वाद संपला. आज नवे-जुने सगळे सभासद आहेत. दर महिन्याला दोन नवी पोरं काकूंकडे जातात, गाडी सुरू करतात, गल्लीतून एक चक्कर मारतात आणि घावणे खाऊन येतात. एकाला आता पॉइंटची गॅप लावता येते.

आम्ही बायका क्लबमध्ये थोड्याच आहोत, पण आहोत. पुण्यात २०११ साली उर्वशी पाटोळे आणि फिरदौस शेख यांनी 'द बायकर्नी' ही बायकांची मोटरसायकल संघटना उभी केली. तेव्हापासून बाई मोटरसायकलवर दिसली की निदान थांबून बघणारे कमी झालेत! मला गाडी चालवायला आवडते. पण खरं सांगू, मी या कामात टिकले ती वहीमुळे.

हे सगळं मी आज इथे का सांगितलं? या मेळाव्यासाठी आपण यादी करायला घेतली, तेव्हा आपल्या वर्गातली पाच मुलं-मुली आता नाहीत हे आपल्याला कळलं. त्यातल्या दोघांचं जाणं आपल्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. आपला ग्रुप आहे, त्यावर रोज शंभर सुप्रभात येतात. पण ग्रुपवर गप्प झालेल्या माणसाला कोणी फोन करून विचारत नाही. तीस वर्षांपूर्वी आपणही एका बंद दारातून बाहेर पडून विखुरलो, त्या गाड्यांसारखेच.

म्हणून माझी एकच मागणी आहे. आज घरी जाण्याआधी आपल्या बॅचची एक वही करू. ती मी आणली आहे, कोरी आहे, चहाच्या टेबलाजवळ ठेवली आहे. नाव, गाव, फोन, रक्तगट, घरच्यांचा फोन. 'काय येतं' आणि 'काय हवं आहे' हे दोन रकाने मोकळे सोडू नका. आणि मला चारजण हवेत, आठवड्याला एक फोन करणारे. सर, बाई, तुमचीही पानं आहेत त्यात. तुम्ही आमची हजेरी घेतलीत, आता आम्ही तुमची घेऊ.