सुरुवातीचे पाच, शेवटचे पाच



बास्केटबॉलचा संघ ओळीने चार सामने हरला की प्रेक्षकांत एकच सूर लागतो : ‘याला बसवा!’ हा ‘याला’ प्रत्येकाचा वेगळा असतो, पण मागणी एकच. कोचच्या घरच्यांपासून कोर्टाशेजारच्या चहावाल्यापर्यंत सगळ्यांकडे एक नाव तयार असतं. आज या मागणीबद्दल बोलायचं आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. अडचणीतल्या संघाचे पाच जण बदलताना ‘दोष कोणाचा’ या प्रश्नापासून कोचने सुरुवात करू नये. ‘कोणाबरोबर कोण’ इथून करावी. हे दोन्ही प्रश्न एकच वाटतात, पण त्यांची उत्तरं पुष्कळदा उलटी निघतात.

क्रिकेटमध्ये नाणेफेकीच्या वेळी अकरा नावं दिली की निवडीचा विषय बहुतेक संपतो. फुटबॉलच्या मोठ्या सामन्यात एकदा बाहेर आलेला खेळाडू परत जात नाही. बास्केटबॉलमध्ये मात्र बदलांना मर्यादाच नाही. खेळ थांबला की बदला, दोन मिनिटांनी त्यालाच पुन्हा आत पाठवा. त्यामुळे कोच खरं तर माणसं निवडत नाही, मिनिटं वाटतो. अमेरिकेतल्या एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा. पाच जणांच्या हिशोबाने वाटायला २४० मिनिटं. आंतरराष्ट्रीय नियमांचा सामना ४० मिनिटांचा, म्हणजे २०० मिनिटं. सुरुवातीचे पाच हा या वाटपाचा फक्त पहिला हप्ता. पण त्यांची नावं दिवे मंदावून, ढोल वाजवून पुकारली जातात, म्हणून सगळी प्रतिष्ठा तिथे जाऊन चिकटली आहे.

बोस्टन सेल्टिक्सचे कोच रेड आउअरबाक यांनी ही प्रतिष्ठा १९५०च्या दशकातच ओळखली आणि तिला बगल दिली. फ्रँक रॅम्सी हा त्यांचा उत्तम खेळाडू. त्याला ते मुद्दाम बेंचवर बसवत. समोरचे पाच जरा दमले की ताजातवाना रॅम्सी आत. पुढे जॉन हॅवलिचेकनेही हेच काम केलं. ‘सिक्स्थ मॅन’ ही मानाची जागा तिथून रूढ झाली. सामना सुरू कोण करतं यापेक्षा संपवतं कोण, याकडे आउअरबाक यांचं लक्ष असे.

आता २०१५च्या एनबीए अंतिम मालिकेकडे येतो. पाच जणांत एकच बदल, आणि त्यात या विषयाचं जवळजवळ सगळं सापडतं.

गोल्डन स्टेट वॉरियर्स हा संघ तेव्हा कोणत्याही अर्थाने दुबळा नव्हता. साखळीत ६७ विजय आणि १५ पराभव. कोच स्टीव्ह कर यांचं पहिलंच वर्ष. समोर क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स, लेब्रॉन जेम्सचा संघ. त्यांचा केव्हिन लव्ह आधीच जायबंदी झालेला, आणि पहिल्या सामन्यात कायरी अर्विंगचा गुडघा गेला. वॉरियर्सनी तो सामना जिंकला. मालिका एकतर्फी होणार असं सगळ्यांनी धरलं आणि पुढचे दोन्ही सामने कॅव्हेलियर्सनी मारले : ९५-९३ आणि ९६-९१. लेब्रॉन एकेक हल्ला २४ सेकंदांच्या घड्याळाच्या शेवटापर्यंत ओढत होता. मोजगोव्ह आणि ट्रिस्टन थॉम्प्सन ही उंच जोडी बास्केटखाली ठाण मांडून होती. वेगावर जगणारा वॉरियर्सचा संघ चालत खेळायला लागला होता.

‘दोष कोणाचा’ असं तेव्हा विचारलं असतं तर उत्तर सोपं होतं. दुसऱ्या सामन्यात वॉरियर्सचा हुकमी फटकेबाज स्टीफन करी याने तीन गुणांचे १५ फटके मारले आणि त्यातले दोन पडले. मग काय, करीला बसवायचं? अर्थात कोणी तसं म्हणालं नाही. पण याच न्यायाने रोज कितीतरी गल्लीतल्या संघांत कोणीतरी बसवलं जातं.

कर यांचा एक तरुण सहायक होता, निक युरेन. कोचच्या मुख्य ताफ्यातला नव्हे. चित्रफिती कापणं, कोचची बारीकसारीक कामं सांभाळणं हे त्याचं काम. तिसऱ्या सामन्यानंतर तो आदल्या वर्षीची अंतिम मालिका पाहत बसला होता, सॅन अँटोनियो स्पर्स विरुद्ध मायामी हीट. समोर तोच लेब्रॉन, फक्त हीटच्या पोशाखात. त्या मालिकेत १-१ अशी बरोबरी असताना स्पर्सचे कोच ग्रेग पोपोविच यांनी तियागो स्प्लिटर या उंच खेळाडूच्या जागी बोरिस दियाव याला सुरुवातीला उतरवलं. दियाव पोटाने जरा सुटलेला, पण पास देण्यात उस्ताद. स्पर्सनी तिसऱ्या सामन्याच्या पहिल्या अर्ध्यातच ७१ गुण केले आणि पुढे मालिका ४-१ अशी घेतली. युरेनने सुचवलं की आपणही सेंटर अँड्र्यू बोगटला काढू आणि बेंचवरच्या आंद्रे इगुडालाला सुरुवात देऊ.

बोगट सात फुटी. त्याच वर्षी साखळीतल्या उत्तम बचाव करणाऱ्यांच्या दुसऱ्या संघात त्याची निवड झाली होती. म्हणजे बसणारा माणूस अपराधी नव्हताच. अडचण बोगटमध्ये नव्हती, बोगटच्या आसपास होती. तो बास्केटपासून लांब उभा राहिला तर फटका मारणार नाही, हे कॅव्हेलियर्सना ठाऊक होतं. त्यामुळे त्याच्यावरचा माणूस त्याला मोकळा सोडून करीवर धावून जाई. एकाला मोकळा सोडता आला की बचाव करणारे पाचाचे सहा होतात. इगुडाला आला, ड्रेमंड ग्रीन सेंटरला सरकला, आणि कॅव्हेलियर्सना लांबवर पसरावं लागलं. शिवाय लेब्रॉनला थोपवण्याचं इगुडालाचं काम पहिल्याच मिनिटापासून सुरू झालं.

चौथा सामना ११ जून २०१५ रोजी क्लीव्हलँडला झाला. सकाळी पत्रकारांनी संघात बदल आहे का विचारलं तेव्हा कर नाही म्हणाले, आणि सामन्यानंतर आपण खोटं बोललो हे हसत कबूल केलं. (हा धडा मात्र शाळेच्या कोचनी घेऊ नये, पालक हे पत्रकारांसारखे विसरत नाहीत.) सामना सुरू झाला आणि कॅव्हेलियर्स ७-० असे पुढे गेले. या क्षणी घाबरून बोगटला परत आत पाठवणं किती सोपं होतं! कर यांनी टाइमआउट घेतला आणि तेच पाच ठेवले. पहिला क्वार्टर संपला तेव्हा वॉरियर्स ३१-२४ असे पुढे होते, सामना संपला तेव्हा १०३-८२. इगुडालाने २२ गुण केले.

आता गंमत पाहा. त्या रात्री मोजगोव्हने २८ गुण केले. बुटका संघ उतरवल्याची ती किंमत होती, आणि कर यांनी ती डोळे उघडे ठेवून मोजली. उंच माणसाला दोन-दोन गुण घेऊ दे, पण पळापळीत त्याला आमच्यामागे धावू दे. पाचव्या सामन्यात कॅव्हेलियर्सचे कोच डेव्हिड ब्लॅट यांनीच आपला संघ बुटका केला आणि त्या २८ गुणवाल्या मोजगोव्हला नऊ मिनिटं खेळवलं. लेब्रॉनने ४० गुण करूनही ते हरले. समोरच्याने पाच बदलले म्हणून आपणही आपले पाच सोडले, की मग सामना त्याच्या अटींवर खेळावा लागतो.

वॉरियर्सनी मालिका ४-२ अशी जिंकली; संघाचं ४० वर्षांतलं ते पहिलं विजेतेपद. इगुडाला मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. साखळीतला एकही सामना त्याने सुरू केला नव्हता आणि पहिल्या तीन अंतिम सामन्यांतही तो बेंचवरूनच आला होता. त्याआधीच्या सगळ्या कारकिर्दीत मात्र त्याने कायम सुरुवात केली होती. हंगामाच्या आरंभी कर यांनी त्याला बेंच स्वीकारायला लावलं आणि त्याने कुरकुर न करता स्वीकारलं. बोगट, डेव्हिड ली आणि इगुडाला या तिघांनी वर्षभरात कधी ना कधी आपली जागा सोडली. ली तर दोनदा ऑल-स्टार झालेला. तो दुखापतीने बाहेर गेला म्हणून ग्रीनला संधी मिळाली, आणि बरा झाल्यावर लीला ती जागा परत मिळाली नाही. युरेनच्या सूचनेचं कौतुक सगळे करतात आणि करावंच. पण रुसणारा संघ असता तर ती सूचना कागदावरच राहिली असती.

कौतुक करताना एक आकडा झाकून ठेवता येणार नाही. त्या चौथ्या सामन्यात कॅव्हेलियर्सनी तीन गुणांचे २७ फटके मारले आणि चारच पडले. त्यातले काही चुकले ते नव्या बचावामुळे आणि दमलेल्या पायांमुळे, पण काही नुसतेच चुकले. बास्केटबॉलमध्ये एका सामन्यावरून पाच जणांची पारख करू नये ती यासाठी. ‘प्लस-मायनस’ नावाचा एक हिशोब असतो : खेळाडू कोर्टवर असताना संघाने किती गुण मिळवले आणि किती दिले, त्याची वजाबाकी. उपयोगी हिशोब आहे, पण तो एका सामन्याचा असेल तर त्यात नशीब मोठं. समोरच्याचे मोकळे फटके पडले की तुमचा उत्तम बचाव करणाराही उण्यात दिसतो.

म्हणून हरणाऱ्या संघाच्या कोचने आधी पाहावं की फटके कसे मिळाले. मोकळे मिळाले आणि पडले नाहीत, तर पाचांना हात लावू नये, सरावाला फटके वाढवावेत. मोकळे फटकेच मिळत नसतील, दोन खेळाडू एकाच जागेत येऊन एकमेकांची वाट अडवत असतील, तर ती पाचांची अडचण आहे. आणि तेव्हाही सुरुवातीचे पाच मोडण्याआधी एक स्वस्त उपाय असतो : बदलीची वेळ बदलणे. ज्या दोघांचं जमत नाही त्यांतल्या एकाला चौथ्याच मिनिटाला बाहेर काढा आणि दुसरा विश्रांतीला गेला की त्याला परत आणा. दोघांनाही मिनिटं तेवढीच, मान तेवढाच, फक्त ते एकत्र कमी दिसतील. प्रेक्षकांना याचा पत्ताही लागत नाही.

पाच बदलून सगळंच सुधारतं असं मात्र नाही. २०२२-२३च्या हंगामात लॉस अँजेलिस लेकर्सनी पहिल्या बारापैकी दहा सामने गमावले. रसेल वेस्टब्रूक हा एके काळचा सर्वोत्तम खेळाडू. त्याचं आणि तोवर लेकर्समध्ये आलेल्या लेब्रॉनचं जमत नव्हतं. दोघांनाही चेंडू हातात हवा, आणि वेस्टब्रूकचा लांबचा फटका भरवशाचा नाही. कोच डार्विन हॅम यांनी त्याला ऑक्टोबरातच बेंचवर नेलं. निर्णय बरोबर होता, वेस्टब्रूकचा खेळही सुधारला, पण संघात लांबून फटके मारणारे पुरेसे नव्हतेच. फेब्रुवारीत संघाने वेस्टब्रूकला सोडून दुसरे खेळाडू आणले, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली आणि लेकर्स पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेपर्यंत गेले. घरात नसलेलं धान्य कोणत्याही चुलीवर शिजत नाही. अशा वेळी प्रशिक्षकाला दोष देणं हा व्यवस्थापनाचा आवडता खेळ आहे, पण तो बास्केटबॉल नव्हे.

याच्या उलट उदाहरण लास वेगस एसेस या महिला संघाचं. २ ऑगस्ट २०२५ रोजी मिनेसोटा लिंक्सनी त्यांना त्यांच्याच कोर्टवर १११-५८ असं हरवलं. ५३ गुणांनी! हिशोब झाला १४ विजय, १४ पराभव. कोच बेकी हॅमन यांनी याच सुमारास पाच जणींची फेरजुळणी केली होती. ज्यूएल लॉइड ही २०२३ साली सगळ्या साखळीत सर्वाधिक सरासरीने गुण करणारी खेळाडू, पण ती आता बेंचवरून येऊ लागली. सुरुवात केर्स्टन बेल करायची, आणि पुढे जास्त मिनिटं लॉइडच खेळायची. म्हणजे आउअरबाक यांचीच युक्ती. त्या पराभवानंतर एसेसनी साखळीतले उरलेले सोळाही सामने जिंकले आणि अंतिम मालिकेत फीनिक्स मर्क्युरीला ४-० असं हरवून विजेतेपद घेतलं. हे सगळं एका बदलीने झालं असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्या संघात एजा विल्सन होती, आणि ती त्या वर्षी चौथ्यांदा सर्वोत्तम खेळाडू ठरली. पण पहिल्या २८ सामन्यांच्या काळातही विल्सन संघात होतीच.

आपल्याकडे या खेळाची परंपरा लहान नाही. मुंबईच्या नागपाड्याने राष्ट्रीय दर्जाचे खेळाडू दिले, पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर पिढ्या खेळल्या. पण शाळा-कॉलेजच्या सामन्यांत मला एकच पद्धत पुन्हा पुन्हा दिसते. सगळ्यांत चांगले पाच उतरवायचे, दमेपर्यंत खेळवायचे, आणि हरायला लागलं की ज्याच्या हातून चेंडू सुटला त्याला ओरडून बाहेर बोलवायचं. तो पोरगा बाहेर येताना कोचकडे पाहत नाही. बेंच ही शिक्षेची जागा आहे हे त्या दिवशी सगळा संघ शिकतो, आणि मग कोचला खेळासाठी म्हणून कोणाला बसवायचं असेल तरी त्याला शिक्षाच वाटते.

आमच्या कोच मंडळींना सांगणं एवढंच, की बदल करायचा तर एकच करा, त्याचं कारण एका वाक्यात सांगता येईल असं ठेवा, आणि ते कारण बसणाऱ्याला इतरांच्या आधी, एकट्याला गाठून सांगा. मग काही सामने त्याला हात लावू नका, पहिले ७-० झाले तरी.

आणि समोर बसलेल्या पालकांना एक विनंती. तुमचा मुलगा किंवा मुलगी सुरुवातीच्या पाचांत नाही म्हणून रात्री दहाला कोचला फोन करू नका. सामना पाहायला या, आणि शेवटची तीन मिनिटं राहिली असताना, गुणफलक बरोबरीला टेकलेला असताना, कोर्टवर कोण आहे ते पाहा. तिथेही तुमचं मूल दिसलं नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी जरूर फोन करा, आणि त्याला सरावाला अर्धा तास आधी पाठवू का, एवढंच विचारा.