ताप उतरला, तरी दिवस मोजा

मैत्रिणींनो, २०२१ साली कोविड वॉर्डाबाहेर नातेवाईक मला विचारायचे, “ताप तर उतरला होता, मग अचानक असं कसं?” ते अचानक नसायचं. बहुतेकांचा आजार आठवड्याभरात ओसरे. काहींचा मात्र पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास फुप्फुसांत बळावे. रक्तातला ऑक्सिजन ९४ टक्क्यांखाली गेला तरी कधीकधी धाप जाणवत नसे. जाणवली तरी ‘कामानं दमले असेन’ म्हणत बाई भाकऱ्या उरकायची. (हे आपल्याला नवं नाही!) डेक्सामेथासोन या स्वस्त औषधानं जीव वाचत, पण ऑक्सिजन लागणाऱ्यांचेच, आधी घेऊन उपयोग नसे. कुणाला कधी लागेल, हे मोजल्याशिवाय कळणार कसं? घरात ऑक्सिमीटर असे, वहीत सासऱ्यांचे, नवऱ्याचे आकडे असत. तिचे विचारले की सगळे एकमेकांकडे बघत.