गणित आणि संगणकशास्त्र : परदेशी विद्यापीठाची निवड

बारावीनंतर गणित आणि संगणकशास्त्र परदेशात शिकू पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती प्रथम पडतात त्या जागतिक क्रमवारीच्या याद्या. परंतु त्यांचा भर मुख्यतः संशोधन आणि प्रतिष्ठा यांवर असतो, आणि पहिल्या वर्षाच्या वर्गात प्रत्यक्ष काय शिकवले जाते हे त्यांतून कळत नाही. म्हणूनच संगणकशास्त्र त्या विद्यापीठात कोणत्या विद्याशाखेत मोडते आणि प्रवेशानंतर एका विषयाकडून दुसऱ्याकडे वळण्याची मुभा कितपत आहे, याची चौकशी नावलौकिकाच्या आधी व्हायला हवी.

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात १९६७ साली गणिताची स्वतंत्र विद्याशाखा स्थापन झाली आणि संगणकशास्त्राचा विभाग आजही तिच्यातच आहे. त्यामुळे तेथे संगणकशास्त्र शिकणाऱ्यालाही आरंभीच पूर्णांकांचे गुणधर्म सिद्ध करावे लागतात, आणि त्याच सिद्धतांच्या आधारे तो आरएसए या, प्रचंड संख्यांचे अवयव पाडणे अवघड असते या तत्त्वावर उभारलेल्या, गुप्तलेखन पद्धतीपर्यंत पोहोचतो. शिक्षणाची आणि पगारी कामाची सत्रे आलटूनपालटून घेण्याची ‘को-ऑप’ पद्धत तेथे १९५७ पासून रूढ आहे. मात्र परदेशी विद्यार्थ्याचे शुल्क स्थानिकांच्या कितीतरी पट असते आणि काम मुलाखती देऊन स्वतःच मिळवावे लागते. त्या पगारावर सारा हिशेब बांधणे धोक्याचे आहे.

जर्मनीतील बॉन विद्यापीठाची प्रकृती वेगळी आहे. २०१८ चे फील्ड्स पदक मिळवणारे पीटर शोल्झ येथेच शिकले, आणि येथील विविक्त गणिताच्या, म्हणजे सुट्या व मोजता येणाऱ्या रचनांच्या गणिताच्या, संशोधन संस्थेने संगणकाच्या चिपांची आखणी करणाऱ्या पद्धती विकसित केल्या आहेत. येथे शिक्षणशुल्क नाही, केवळ प्रत्येक सत्राची अल्प वर्गणी आहे. परंतु गणिताची पदवी जर्मन भाषेत असल्याने भाषेची तयारी आधीच करावी लागते. शिवाय भारतातील बारावी थेट प्रवेशास सहसा पुरेशी ठरत नाही. त्यासाठी भारतातील महाविद्यालयाचे एक यशस्वी वर्ष किंवा जेईई ॲडव्हान्स्डमधील यश लागते. व्हिसासाठी एका वर्षाच्या खर्चाची रक्कम ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, आगाऊ ठेवणे हा रूढ मार्ग असून २०२४ मध्ये ही रक्कम ११,९०४ युरो ठरली; मध्यमवर्गीय कुटुंबाला तीही एकरकमी जड जाते.

अमेरिकेतील बर्कली येथील विद्यापीठात २०२३ पासून संगणकशास्त्राची निवड बहुतांशी अर्जातच करावी लागते. गणितात प्रवेश घेऊन नंतर तिकडे वळता येईल या भरवशावर तेथे जाणे उचित नाही.

ज्याला सिद्धतांची ओढ आहे आणि भाषेसाठी एक वर्ष देण्याची तयारी आहे, त्याला बॉनसारखे विद्यापीठ अधिक लाभते. ज्याला उद्योगाचा अनुभव शिक्षणाबरोबरच हवा आहे आणि खर्चाची तरतूद पक्की आहे, त्याने वॉटर्लूचा विचार करावा. अर्ज भरण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या पसंतीच्या विद्यापीठाच्या पहिल्या सत्रातील गणिताचा एक प्रश्नसंच मिळवून, कोणाचीही मदत न घेता, सोडवून पाहावा.