गाडीचं पाणी जातंय कुठं?

कुणी लोकलमध्ये उभं असेल, कुणी भांडी घासत ऐकत असेल. आज आपण जरा हात काळे करणार आहोत. विषय आहे गाडीच्या इंजिनाचा वॉटर पंप, आणि तो काढताना झालेली माझी फजिती.

आमची हॅचबॅक तेरा वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यात गाडीखाली रोज ओल दिसायची. पावसाचंच असेल, म्हणून कुणी वाकून बघितलं नाही. मग एकदा साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात टेम्परेचरचा काटा वर चढला. मागे आजी बसलेली. एसी बंद केला, हीटर फुल केला (हो, हीटर! तो इंजिनाची उष्णता ओढून घेतो), आणि गाडी कडेला घेतली. भाऊ लगेच रेडिएटरचं झाकण उघडायला निघाला. बाबा ओरडले, "हात लावू नकोस!" बरोबरच होतं. आत दाबाखाली शंभर डिग्रीच्या वर तापलेलं पाणी असतं. झाकण फिरलं की ते थेट तोंडावर येतं.

घरी येऊन टॉर्च मारला. पंपाच्या खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की पाणी तिथून ठिबकतं. ते भोक म्हणजे पंपाने दिलेली सूचना. ते बुजवायचं नाही! आमच्याकडे तिथेही हिरवा डाग होता आणि हाउसिंग जिथे इंजिनाला बसतं त्या सांध्यावरही. म्हणजे हाउसिंगसकट सगळं काढणं आलं.

आता नीट ऐका. इंजिन पूर्ण थंड, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. खाली घमेलं ठेवून कूलंट काढून घ्या आणि लगेच झाका. ते चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात, आणि ते विष आहे. पुलीचे बोल्ट बेल्ट ताणलेला असतानाच सैल करा. बेल्ट काढल्यावर पुली नुसती गरगर फिरत राहते. मग होज पाइप, आणि शेवटी हाउसिंगचे बोल्ट. हे बोल्ट कमीजास्त लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर हाउसिंगचं चित्र काढा आणि ज्या जागचा बोल्ट त्या जागी खोचून ठेवा.

आणि इथेच मी माती खाल्ली. बोल्ट निघाले, पण हाउसिंग हलेना. जुनं गॅस्केट चिकटून बसलेलं. मी स्क्रू-ड्रायव्हर घुसवला आणि उचकटलं. निघालं! पण अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडा पडला. म्हटलं, एवढ्याने काय होतंय? नवा पंप, नवं गॅस्केट, सगळं बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागी हिरवा थेंब.

बाबा काही बोलले नाहीत. फक्त गाडीची किल्ली माझ्या हातात ठेवली. ते जास्त लागलं.

पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्यापासून. या वेळी लाकडाचा तुकडा लावून रबरी हातोडीने आजूबाजूने हलके ठोके दिले. दहा मिनिटं लागली, पण सुटलं. प्लास्टिकच्या पट्टीने जागा खरवडून स्वच्छ केली, पुन्हा नवं गॅस्केट, ओरखड्यावर सीलंटचा पातळ हात. बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळले. सहा एमएमच्या बोल्टला साधारण 10 न्यूटन मीटर पुरतं, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडाच खरा. जोर लावाल तर अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात. सीलंट रात्रभर सुकू दिलं. मग कूलंट भरून, हीटर चालू ठेवून आतली हवा काढली.

एक इशारा. काही गाड्यांत पंप टायमिंग बेल्टवर चालतो. तिथे खुणा एक दात जरी चुकल्या तरी इंजिन बिघडू शकतं, आणि जास्त चुकल्या तर काही इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात. तसं असेल तर सरळ मेकॅनिक काकांकडे जा, त्यात कमीपणा नाही.

परवा आजीला घेऊन पुन्हा खंबाटकी चढलो. काटा मध्यावर, जागचा हलला नाही. आजी झोपली होती. मला तेवढी पावती पुरे.

चला, आज गाडीखाली एकदा वाकून बघा. भेटू पुढच्या भागात!